‘अनिर्वचनीय’ या शब्दाची कैफियत : प्रस्तावना

काही शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेले असले, तरी त्यांच्या अंगची मूळ धार कोठेतरी शिल्लक असते आणि जाणत्याच्या हाती पडले की ती पुन्हा लागते. ‘अनिर्वचनीय’ हा शब्द त्यांपैकी आहे. सत्काराला दिलेल्या उत्तरात, प्रवासवर्णनाच्या अखेरच्या परिच्छेदात, गाण्याच्या बैठकीच्या वृत्तान्तात, नातवंडाच्या जन्माची खबर देणाऱ्या पत्रात आपण तो नित्य वाचतो. ‘आनंद’ हा शब्द आला की त्याच्या अलीकडे ‘अनिर्वचनीय’ उभा असणार, हे आता न वाचताही कळू लागले आहे. या सरसकट वापरात शब्दाचा एकच अर्थ उरला : माझ्याजवळचे शब्द संपले, आता वाचकाने आपले काय ते समजून घ्यावे. माझे म्हणणे असे, की हा या शब्दाचा अर्थ नव्हे, ही त्याची दुर्दशा आहे. ज्या परंपरेने तो घडविला तिने तो हात टेकण्यासाठी घडविला नाही. वाणीने आपली सगळी वाट चालून झाल्यावर ती जेथे अडली ती जागा नेमकी दाखवावी, यासाठी घडविला. पुढील प्रकरणांत या एका शब्दाचा आणि त्याच्या भाऊबंदांचा जो विचार मी केला आहे, त्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. ती मला प्रथम ग्रंथांतून कळली नाही, एका सरकारी कागदावरून कळली, म्हणून त्या कागदाची हकीकत आधी सांगतो.

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. एका पावसाळ्यात नदीला अवचित लोंढा आला आणि उतारावरची होडी उलटून तीन माणसे गेली. त्यांत एका म्हाताऱ्या बाईचा एकुलता एक मुलगा होता, आणि ती स्वतः काठावर उभी होती. चौकशीत तिचा जबाब लिहून घेण्याचे काम वडिलांकडे आले. त्या जबाबाचा कच्चा मसुदा पुढे कैक वर्षे आमच्या घरी, जुन्या हिशेबांच्या रुमालात बांधलेला होता, आणि तो मी अनेकदा उलगडून वाचला आहे. नाव, वय, धंदा, राहणार मौजे अमुक, हे सारे रीतसर. मग होडी केव्हा सुटली, तीत माणसे किती होती, नावाडी कोण, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, हे बाईने सांगितले तसे वडिलांनी लिहिले आहे. ‘होडी कलंडल्यावर तुम्ही काय पाहिले?’ या प्रश्नापाशी मजकूर थांबतो. जबाब संपविण्याचा सरकारी रिवाज ठरलेला असे : ‘याउपर माझे काही सांगणे नाही.’ हे वाक्य वडिलांच्या टाकाने सवयीने उतरवून टाकलेले दिसते, आणि मग त्यावर आडवी रेघ मारून वरच्या जागेत बारीक अक्षरांत त्यांनी लिहिले आहे : ‘पुढे विचारणा केली असता बाईस बोलवेना.’ या दुरुस्तीस वरिष्ठांनी हरकत घेतली. साक्षीदाराने सांगितले ते लिहावे, न सांगितलेले लिहू नये, हा दप्तराचा शिरस्ता, असे त्यांचे म्हणणे. वडिलांनी उत्तर दिले, की बाईचे काही सांगणे नव्हते हे लिहिणे खोटे होईल; तिचे सांगणे होते, ते तोंडातून बाहेर आले नाही, आणि मी एवढेच लिहिले आहे.

‘सांगणे नाही’ आणि ‘बोलवेना’ या दोहोंतले हे अंतर पुढे वेदान्ताचे ग्रंथ चाळताना मला वारंवार आठवले. कारण ‘अनिर्वचनीय’ या शब्दाचा सारा इतिहास याच अंतराचा इतिहास आहे.

शब्दाची घडण पाहावी. ‘वच्’ म्हणजे बोलणे. त्याला ‘निर्’ हा उपसर्ग लागून ‘निर्वचन’ झाले, म्हणजे आत दडलेले उकलून बाहेर बोलून दाखविणे. हा वेदांगांतला पारिभाषिक शब्द आहे. यास्काने निघंटूतील दुर्बोध वैदिक शब्दांची फोड केली तिला निर्वचन म्हणतात आणि त्याच्या ग्रंथाला निरुक्त. या यास्काची आपल्या शास्त्राला एक विलक्षण आज्ञा आहे : शब्द कितीही दुर्गम असो, व्याकरणाचा नियम लागू पडो वा न पडो, एखाद्या अक्षराच्या साम्यावरून का होईना, त्याचे निर्वचन करावे, करीत नाही असे मात्र कधीही म्हणू नये. ज्या शास्त्राने ‘करीत नाही’ हे म्हणण्याची मुभाच ठेवली नाही, त्या शास्त्राच्या मुख्य शब्दाला नकार लावून ‘अनिर्वचनीय’ सिद्ध झाला. निर्वचनाचा आटापिटा ज्याने केलेला नाही, त्याला तो उच्चारण्याचा अधिकार नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता एक गोष्ट, जी ऐकून पुष्कळ सुशिक्षितांनाही आश्चर्य वाटते. अद्वैत वेदान्तात ‘अनिर्वचनीय’ हे ब्रह्माचे विशेषण आहे असा आपला सर्वसाधारण समज असतो. ब्रह्म वाणीच्या आणि मनाच्या पलीकडचे आहे हे खरे. तैत्तिरीय उपनिषदात वाणी मनासह त्याला न गाठता माघारी येते असे सांगितले आहेच. परंतु शांकर मताच्या पंडितांनी ‘अनिर्वचनीय’ ही संज्ञा शास्त्रीय काटेकोरपणाने राखून ठेवली ती ब्रह्मासाठी नव्हे, तर मायेसाठी, भ्रमासाठी, उन्हात पडलेल्या शिंपीवर भासणाऱ्या रुप्यासाठी. समुद्रकाठी चालताना वाळूत काही चकाकते; रुपे आहे असे वाटून माणूस वाकतो, हात घालतो, आणि हाती शिंपला येतो. ते रुपे काय होते? ते ‘सत्’ होते असे म्हणवत नाही, कारण शिंपला दिसताच ते नाहीसे झाले, आणि खरे असते तर नाहीसे झाले नसते. ते ‘असत्’ होते असेही म्हणवत नाही, कारण सशाचे शिंग असत् आहे आणि ते कधी कोणाच्या डोळ्यांना चकाकले नाही, कोणी त्यासाठी वाकला नाही. दोन्ही होते म्हणावे तर परस्परविरोध येतो. म्हणून वेदान्ती म्हणाले : सत् म्हणून निर्वचन करता येत नाही, असत् म्हणून करता येत नाही, सदसत् म्हणूनही करता येत नाही, ते सदसद्विलक्षण, अर्थात अनिर्वचनीय. येथे हा शब्द उसासा नाही. न्यायाधीशाने दोन्ही पक्षांचे पुरावे तपासून, प्रत्येकाचा दावा कारणे दाखवून फेटाळून, मग दिलेला तो निवाडा आहे.

आणि त्या निवाड्यावर अपीलही झाले. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात मायावादावर ज्या सात अनुपपत्ती मांडल्या, त्यांत अनिर्वचनीयत्वाची अनुपपत्ती ही एक आहे : वस्तूची प्रतीती एक तर आहे म्हणून येते, नाही तर नाही म्हणून येते, तिसरी कोणतीही तऱ्हा कोणाच्या अनुभवाला नसता तिला नाव कसले देता? उलट, बाराव्या शतकातील श्रीहर्षाने, नैषधीयचरित लिहिणाऱ्या त्याच महाकवीने, खंडनखंडखाद्यात नैयायिकांच्या एकेका व्याख्येचा असा भुगा केला, की जगातील एकही पदार्थ निर्वचनाला टिकेना. या झटापटीत कोणाची सरशी झाली हा येथे प्रश्न नाही. एका विशेषणासाठी पिढ्यान् पिढ्या विद्वान झगडले, आणि त्याच विशेषणाला आपण आज अभिनंदनाच्या संदेशात कोंबतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा शब्द तर्काच्या सभेतून भक्तीच्या अंगणात आला, तेव्हा त्याचा अर्थ एकदम पालटला. नारदाच्या भक्तिसूत्रांत, एक्कावन्नाव्या सूत्रात, अनिर्वचनीय म्हटले आहे ते प्रेमाच्या स्वरूपाला. आणि लगेच पुढच्या सूत्रात दृष्टान्त आहे तो मुक्याच्या चवीचा. शिंपीवरचे रुपे आणि हे प्रेम! एकाला शब्द लागत नाही, कारण ते पुरते खरे नाही. दुसऱ्याला लागत नाही, कारण ते शब्दाहून अधिक खरे आहे. मुक्याने गूळ खाल्ला, हे आपण मराठीत ऊठसूट बोलतो, पण त्या मुक्याकडे क्षणभर नीट पाहावे. गुळाचा खडा जिभेवर विरघळतो आहे, डोळे किलकिले झाले आहेत, तो हाताने पोट चोळून दाखवितो, बोटे चाटतो, समोरच्याच्या हातावर एक खडा ठेवून ‘तूही खा’ अशी खूण करतो. या साऱ्यात तो गप्प कोठे आहे? शब्दावाचून त्याची सांगण्याची धडपड अखंड चाललेली आहे. सूत्रकारानेही मुक्याच्या दृष्टान्तावर विषय संपविला नाही; एखाद्या सत्पात्राच्या ठायी ते प्रेम प्रकट होते असे पुढे सांगितले. मराठी संतांच्या वाणीत हा शब्द ‘अनिर्वाच्य’ होऊन आला आणि दासबोधात तर ‘अनुर्वाच्य’ असे सोलीव, बोलते रूप घेऊन बसला.

त्याच्या भाऊबंदांविषयी विस्ताराने पुढे यायचेच आहे, म्हणून येथे ओझरता उल्लेख पुरे. जैनांच्या सप्तभंगीत ‘अवक्तव्य’ आहे. वस्तू एका अपेक्षेने आहे आणि दुसऱ्या अपेक्षेने नाही, हे क्रमाने सांगता येते, परंतु दोन्ही एकाच क्षणी एकाच शब्दाने सांगता येत नाही, म्हणून अवक्तव्य. बौद्धांचे ‘अव्याकृत’ आणखी निराळे : जग शाश्वत की अशाश्वत, या जातीच्या प्रश्नांना बुद्धाने उत्तर दिले नाही, कारण विषारी बाण लागलेल्या माणसाने तो मारणाऱ्याचे कूळ विचारीत बसू नये. तेथे उत्तर जमत नव्हते असे नव्हे, ते देण्यात हित नव्हते. आणि ‘अवाच्य’? या बिचाऱ्या शब्दाचे मराठीत जे झाले ते पाहून भाषेच्या चालीचे नवल वाटते. जे बोलता येत नाही ते अवाच्य, असे असता, जे बोलू नये ते अवाच्य झाले. बोलीत त्यात एक रेफ घुसून ‘अर्वाच्य’ झाले. आणि आज पोलीस ठाण्यातील फिर्यादीखेरीज ते फारसे कोठे भेटत नाही. भर्तृहरीने ज्या शब्दावर कारिका रचली, तो शिवीगाळीच्या मागे उभा आहे.

भर्तृहरीचा प्रश्न मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडात तो अशी अडचण काढतो, की एखाद्या वस्तूला ‘अवाच्य’ म्हटले आणि त्या शब्दाने ती वस्तू कळली, तर ती त्याच शब्दाने वाच्य झाली. मग अवाच्य राहिली कोठे? हीच अडचण नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनासमोर दुसऱ्या वेषात आली. काव्याचा आत्मा जो ध्वनी तो वाणीच्या कक्षेबाहेरचा, तो रसिकाच्या हृदयालाच ठाऊक, त्याचे लक्षण करू नये, असे म्हणणारा एक पक्ष होता. आनंदवर्धनाने त्याला दिलेले उत्तर मला प्रत्येक टीकाकाराच्या मेजावर लिहून ठेवावेसे वाटते. कोणत्याच शब्दाला गवसणार नाही अशी वस्तू असू शकत नाही, कारण अखेर ‘अनाख्येय’ या शब्दाने तरी तिचा निर्देश होतोच. आणि रत्नाचे तेज सांगता येत नाही असे कोणी म्हणेल, तर रत्नशास्त्र लिहिणाऱ्यांनी ते सांगितलेले आहे! आपल्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला आपण ‘अनामिका’ म्हणतो. नाव नसलेली, हेच तिचे नाव; आणि अंगठी घालताना कोणाचाही घोटाळा होत नाही.

येथवर संस्कृताचे झाले. परंतु आपल्या घरच्या मराठीने या बाबतीत जी सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे विद्वानांचे लक्ष कमी गेले आहे, असे मला वाटते. वडिलांनी लिहिलेले ‘बोलवेना’ हे क्रियापदच पाहावे. आपल्या व्याकरणकारांनी याला शक्य क्रियापद म्हटले आहे : मला चालवते, त्याला बघवत नाही, तिला सांगवेना. येथे करणारा माणूस प्रथमेत उभा राहत नाही. ‘मला’, ‘तिला’ असा बाजूला सरतो, आणि क्रिया आपली आपण घडते किंवा घडत नाही. ‘ती बोलली नाही’ यात तिची इच्छा आली. ‘तिला बोलता आले नाही’ यात तिचे असामर्थ्य आले. ‘तिला बोलवेना’ यात इच्छा होती, बोलण्याचे सामर्थ्यही होते, आणि तरी शब्द उंबऱ्यावर येऊन थांबला, एवढे सगळे एका ‘व’ने सांगितले. याच्या शेजारी ‘सांगण्यासारखे नाही’ ठेवावे, त्यात लाज किंवा अब्रू आहे. ‘सांगायची सोय नाही’ ठेवावे, त्यात परिस्थितीचा दाब आहे. ‘काही विचारू नका’ ठेवावे, ते तर बहुधा सगळे सांगायला सुरुवात करण्यापूर्वीच म्हणतात. इतक्या छटा ज्या भाषेत रोजच्या बोलण्यात आहेत, तिच्या लेखकांनी एकाच तत्सम विशेषणावर सगळा भार टाकावा, ही मला मोठी उधळपट्टी वाटते.

आणि ‘कसेसे’! आमच्या आळीत एक वृद्ध वैद्य असत. त्यांच्या ओटीवर बसून मी लहानपणी रोग्यांची बोलणी ऐकली आहेत. बायाबापड्या येत आणि म्हणत, ‘कसंसंच होतंय.’ दुखते म्हणावे तर दुखत नाही, मळमळते म्हणावे तर तसेही नाही. वैद्यबुवा त्यावर कधी हसले नाहीत की ‘नीट सांगा’ म्हणून डाफरले नाहीत. नाडीवर तीन बोटे ठेवून ते विचारीत : उठल्यावर की जेवल्यावर? पोटातून वर येते की छातीतून खाली जाते? पडून राहिल्यावर बरे वाटते की वाढते? दहा प्रश्नांनंतर त्या ‘कसेसे’ला ठाव सापडे. ‘कसे’ हे प्रश्नार्थक. त्याला ‘से’ जोडून आपल्या भाषेने प्रश्नच भावनेचे नाव करून टाकला. काय होते आहे, तर ‘कसे’ या प्रश्नासारखे काहीतरी होते आहे. न सांगता येणाऱ्या गोष्टीसाठी याहून प्रामाणिक शब्द मला ठाऊक नाही. तो दार लावून घेत नाही, विचारणाऱ्याला आत बोलावतो.

याला जोड म्हणून दप्तरातला एक शब्द दाखवितो, तोच या प्रस्तावनेच्या मथळ्यावर आहे. अरबीत ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’. त्यावरून ‘कैफियत’, म्हणजे शब्दशः ‘कसेपणा’. उर्दूच्या कवींनी आणि सूफींनी कैफियत म्हणजे मनाची ती तल्लीन, भारलेली अवस्था मानली जिचे वर्णन होत नाही. मराठीतही ‘कैफ चढणे’ उरले आहे. परंतु हाच शब्द मुलकी कारभाराबरोबर आपल्या कचेऱ्यांत शिरला, तेव्हा वतनाच्या तंट्यात वादी आणि प्रतिवादी आपापली बाजू तपशीलवार लिहून देत त्या कागदाचे नाव कैफियत झाले : मूळ पुरुष कोण, सनद कोणी दिली, शीव कोठपर्यंत, मध्ये कोणी खलेल केला. एका भाषेत जो शब्द न सांगता येणाऱ्यासाठी, तोच आपल्याकडे कलमवार सांगण्यासाठी! हा योगायोग असेल. परंतु मला त्यात आपल्या लोकांचा एक स्वभाव दिसतो, की ‘कसे’ म्हणून विचारले तर त्यांनी लिहून द्यायला सुरुवात केली.

या स्वभावाचा परमोच्च आविष्कार अर्थातच ज्ञानदेव. शके १२१२ मध्ये ज्याने गीतेवर नऊ हजार ओव्यांच्या घरात टीका सांगितली, आणि एका कल्पनेसाठी दृष्टान्तामागून दृष्टान्त वाटला, त्याने पुढे अमृतानुभवात वाणीचाच हिशेब मांडला. त्या ग्रंथातील प्रकरणांची नावे तरी सावकाश वाचावीत : तिसरे ‘वाचाऋणपरिहार’, सहावे ‘शब्दखंडन’. वाचेचे ऋण! परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चौघी वाचांनी जीवाला जागे केले, म्हणून त्यांचे देणे लागते, आणि ते फेडल्यावाचून मौनात जाण्याची परवानगी नाही. शब्दखंडनाच्या प्रारंभी तर तो शब्दाची स्तुती करतो. अमूर्ताला स्वतःचे रूप दाखविणारा हा आरसा किती उपयोगी, असे म्हणून त्याचा आधी सत्कार करतो, आणि मग सावकाश, कोठेही हेटाळणी न करता, स्वयंप्रकाश आत्म्यापुढे या आरशाचे काम कसे संपते ते दाखवितो. ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी बाष्कली आणि बाध्व यांची गोष्ट दिली आहे. शिष्य पुन्हा पुन्हा विचारतो, गुरू गप्प, आणि शेवटी गुरू म्हणतात की मी सांगतोच आहे, तुला ते कळत नाही. ती गोष्ट भव्य आहे. परंतु मला, मराठी माणसाला, कर्ज फेडून मग गप्प होणारा ज्ञानदेव अधिक जवळचा वाटतो.

या पुस्तकात मी प्रत्येक शब्दाचे स्थळ शक्य तेथे त्याच्या वाक्यासह तपासले आहे, आणि जेथे दोन अर्थ संभवतात तेथे दोन्ही मांडून माझा कौल सांगितला आहे. वाचकाने तो मानलाच पाहिजे असे नाही. एक विनंती मात्र आहे, की ‘अनिर्वचनीय’ हा शब्द कोठेही भेटला, तर तो लिहिणाऱ्याने त्याच्या अलीकडे किती वाट चालली आहे ते पाहावे.

त्या जबाबाची एक गोष्ट सांगायची राहिली. कायद्याप्रमाणे लिहिलेला जबाब साक्षीदाराला वाचून दाखवावा लागे आणि बरोबर आहे असे त्याने कबूल केल्यावर खाली सही किंवा अंगठा घेत. वडील सांगत, की मी सारा मजकूर वाचीत गेलो. होडी, नावाडी, पाण्याच्या पायऱ्या. बाई जमिनीकडे पाहत नुसती ऐकत होती. शेवटची ओळ वाचली, ‘बाईस बोलवेना’, तेव्हा तिने मान वर केली. ‘व्हय,’ ती म्हणाली, ‘हे बराबर लिवलंय.’ आणि अंगठा पुढे केला.